नोकरी, घर आणि सी१ ॲडव्हान्स्ड: घरच्या घरी अभ्यास कसा बसवायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई तळेगावला राहतात आणि शिवाजीनगरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. नेदरलँड्समध्ये मास्टर्ससाठी अर्ज करायचा आहे. विद्यापीठाने इंग्रजीची आयईएलटीएस ही परीक्षा किंवा केंब्रिजची सी१ ॲडव्हान्स्ड, काहीही चालेल असं कळवलंय, आणि त्यांनी सी१ निवडली आहे. घरात चार वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि निम्मा महिना फिरतीवर असणारा नवरा. क्लास जमण्यातला नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: तीन महिन्यांत होईल का, रोज किती वेळ बसावं लागेल, आणि ढीगभर सराव पेपर सोडवूनही मार्क एकाच जागी का अडकलेत.

मी बरीच वर्षं याच परीक्षांची तयारी करून घेते. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

तुम्ही पेपर सोडवता, पण तपासत नाही. म्हणजे उत्तरांशी ताडून बघता, बरोबर-चूक खुणा करता, बेरीज करता, 'गेल्या वेळेपेक्षा दोन कमी' म्हणून चुकचुकता आणि पुढचा पेपर उघडता. बहुतेक जण हेच करतात. यात परीक्षा होते, अभ्यास होत नाही. बी२ पातळीपर्यंत, म्हणजे सी१च्या एक पायरी खालपर्यंत, हे खपून जातं, कारण तोवर नुसतं वाचत-ऐकत राहिलं तरी भाषा वाढत असते. सी१ला तसं होत नाही. इथे 'कळत नाही' असं फारसं उरलेलंच नसतं. वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळतं, आणि कळतं म्हणूनच नजर कुठे थांबत नाही. परीक्षा मात्र नेमकं हेच बघते की जे तुम्हाला कळतं ते तुमच्या हातून बिनचूक उतरतं का.

एक उदाहरण घेऊ. 'रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश' या वाचन-व्याकरणाच्या पेपरच्या चौथ्या भागात एक वाक्य देतात, त्याच अर्थाचं दुसरं अर्धवट वाक्य देतात आणि एक शब्द देतात. तो शब्द न बदलता मधली जागा तीन ते सहा शब्दांत भरायची. समजा वाक्य आहे: 'आय डिडन्ट रिअलाइझ हाऊ लेट इट वॉज अंटिल आय लुक्ड ॲट द क्लॉक.' दिलेला शब्द 'डिड'. दुसरं वाक्य सुरू होतं 'ओन्ली व्हेन आय लुक्ड ॲट द क्लॉक' असं आणि संपतं 'हाऊ लेट इट वॉज' असं. उत्तर आहे 'डिड आय रिअलाइझ'. माझ्याकडे येणारे पुष्कळ जण 'आय डिड रिअलाइझ' लिहितात, आणि त्यांना दोन्ही वाक्यांचा अर्थ चोख कळलेला असतो.

आता इथे चुकीची खूण करून पुढे गेलात, तर महिन्याभराने 'नेव्हर' किंवा 'हार्डली'ने सुरू होणारं वाक्य आलं की पुन्हा हीच चूक होणार. पण पाच मिनिटं थांबून 'का चुकलं?' विचारलंत, तर कारण सापडतं. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा हलत नाही. 'तू येतोस'ला 'का' जोडला की झाला प्रश्न. इंग्रजीत क्रियापदाचा एक तुकडा कर्त्याच्या पुढे न्यावा लागतो. साध्या प्रश्नात हे आपण शाळेपासून घोकून करतो. पण 'ओन्ली व्हेन', 'नेव्हर', 'अंडर नो सर्कमस्टन्सेस' असं काही वाक्याच्या तोंडाशी आलं की प्रश्न नसतानाही तीच अदलाबदल करायची असते, आणि हे अंगवळणी पडलेलं नसतं. गंमत म्हणजे 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' ही आपल्याकडची नेहमीची चूकही याच मुळातली: तिथे अदलाबदल नको असते आणि आपण ती करून बसतो. एकदा हे मूळ दिसलं की त्या दिवशी नवा पेपर उघडायचा नाही. स्वतःच्या रोजच्या आयुष्यातली पाच-सहा वाक्यं त्या साच्यात लिहायची. 'नॉट अंटिल द ट्रेन हॅड लेफ्ट डिड आय रिमेंबर माय टिफिन' हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकातल्या वाक्यापेक्षा जास्त लक्षात राहतं. दोन दिवसांनी तीच वाक्यं वही न बघता परत लिहायची.

या कामासाठी एक साधी शंभर पानी वही ठेवा. ॲप वगैरे नको, मोबाइल हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतंच. पानावर तीन रकाने: मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि कारण. तिसरा रकाना रिकामा ठेवायची मुभा नाही. 'घाईत चुकलं' हे कारण धरायचं नाही, घाईत नेमकी हीच चूक का झाली ते लिहायचं. महिन्याभरात लक्षात येईल की चुका शंभर दिसल्या तरी कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला सतत दिसणारी काही सांगते. 'अ' आणि 'द' गाळणं किंवा कुठेही घुसडणं, कारण मराठीत आर्टिकल नाही. 'मॅरीड विथ', 'अँग्री ऑन', कारण आपण त्या माणसाशी लग्न करतो आणि त्याच्यावर रागावतो. 'डिस्कस अबाउट', कारण आपण विषयावर चर्चा करतो. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे', कारण 'मी त्याला काल पाहिलं आहे' यात मराठीला काही वावगं वाटत नाही. 'ही टोल्ड दॅट', कारण 'त्याने सांगितलं की' एवढ्यावर आपलं वाक्य उभं राहतं. कोणाला सांगितलं हे इंग्रजी विचारते, मराठी विचारत नाही. तुमची यादी थोडी वेगळी निघेल. ती तुमची तुम्हीच काढायची आहे, आणि क्लासची उणीव भासत नाही ती या कामापुरती तरी. तीस जणांच्या वर्गात तुमच्या एकटीच्या चुकांची यादी कोणी काढून देत नाही.

हिशोब सोपा ठेवा: एक भाग सोडवायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो उकलायला. पेपर केंब्रिजचेच वापरा. त्यांच्या संकेतस्थळावर नमुने फुकट आहेत आणि जुन्या पेपरांचे छापील संचही मिळतात. इतरांनी बेतलेल्या पेपरांत पुष्कळदा दोन पर्याय बरोबर वाटतात आणि त्यावर डोकं लढवण्यात संध्याकाळ जाते. खरे पेपर मोजकेच असतात, म्हणूनही ते आठवड्याला दोन या वेगाने उडवू नका.

मार्कांची वाटणी नीट समजून घेतली की वेळ कुठे घालायचा हेही कळतं. 'रीडिंग अँड यूज ऑफ इंग्लिश' हा एकच पेपर आहे: ९० मिनिटं, ८ भाग, ५६ प्रश्न. निकालात मात्र त्याचे दोन वेगळे गुण येतात. वाचन, यूज ऑफ इंग्लिश, लेखन, श्रवण आणि संभाषण अशा पाच गुणांची सरासरी म्हणजे तुमचा अंतिम गुण. यूज ऑफ इंग्लिशमध्ये दुसरा, तिसरा आणि चौथा भाग मोजला जातो, म्हणजे सगळे मिळून २२ प्रश्न आणि २८ मार्क. त्यातले १२ मार्क एकट्या चौथ्या भागातल्या ६ वाक्यांचे, कारण तिथे प्रत्येक वाक्याला २ मार्क आहेत. संपूर्ण परीक्षेचा पाचवा हिस्सा या २२ प्रश्नांवर उभा आहे, आणि हा हिस्सा घरी एकट्याने बसून सुधारता येतो. तुमचे अडकलेले मार्क मला सगळ्यात आधी इथे शोधावेसे वाटतात.

तिसऱ्या भागात मूळ शब्द देतात आणि त्याचं योग्य रूप करायचं असतं. 'रिलाय' दिलं की सगळे 'रिलायबल' लिहून मोकळे होतात. मागचं वाक्य सांगत असतं की गाडी दर दोन दिवसांनी बंद पडते, म्हणजे 'अनरिलायबल' हवं. इथे शब्दसंग्रह कमी पडत नाही, आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचायची सवय कमी पडते. रिकाम्या जागेत पेन टेकवण्यापूर्वी पूर्ण उतारा एकदा वाचायचा, एवढ्या एका नियमाने दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात फरक पडतो.

वाचनाबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमचं वाचन चांगलं असावं असं प्रश्नावरून वाटतं. सातव्या भागात लेखातून सहा परिच्छेद काढलेले असतात आणि सात पर्याय दिलेले असतात. तिथे विषय बघून जोड्या लावू नका, सगळेच परिच्छेद त्याच विषयावर असतात. 'धिस', 'सच', 'द फॉर्मर', 'ही' असे मागे बोट दाखवणारे शब्द पेन्सिलीने गोल करा आणि ते कशाकडे बोट दाखवतायत ते शोधा. रोज वर्तमानपत्रातला एखादा मोठा लेख घेऊन हेच करता येतं. गार्डियन फुकट वाचता येतो, त्यातले लांबलचक फीचर लेख या कामाला फार उपयोगी.

आता वेळ. केंब्रिजच्याच अंदाजाप्रमाणे बी२ गाठायला शिकवणीचे ५०० ते ६०० तास लागतात आणि सी१ला ७०० ते ८००. मधला फरक साधारण २०० तासांचा. तुम्ही आज ठाम बी२वर आहात असं धरू. रोज सरासरी एक तास, म्हणजे आठवड्याला सात, या वेगाने २०० तास व्हायला साडेसहा महिने लागतात. हा ढोबळ आकडा आहे, कोणाला कमी लागतील, कोणाला जास्त. पण तीन महिन्यांत करायचं तर रोजचे दोन तासांपेक्षा जास्त हवेत, आणि तुम्ही सांगितलेल्या दिनक्रमात ते फक्त झोपेतून निघू शकतात. तसं करू नका. झोप मारून तीन आठवडे निघतात, चौथ्या आठवड्यात मूल आजारी पडतं आणि वही महिनाभर बंद राहते. सहा-सात महिने धरा.

सी१चं प्रमाणपत्र मुदतबाह्य होत नाही, ही त्यातली जमेची बाजू. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं धरतात. अर्थात काही विद्यापीठं सी१चाही निकाल अलीकडचाच मागतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं पान तेवढ्यासाठी परत एकदा वाचा. अर्ज या दोन-तीन महिन्यांतच टाकायचा असेल, तर मात्र मी सी१चा हट्ट धरणार नाही. सरळ आयईएलटीएस द्या. तिच्या तारखा खूप जास्त असतात आणि नापास असा प्रकार तिथे नाही, जो बँड, म्हणजे गुणांची पातळी, येईल तो येतो.

दिवसाची मांडणी. तुमच्याकडे एक मोठा तास नाही, चार छोटे तुकडे आहेत. कोणत्या तुकड्यात काय, हे पक्कं ठरलेलं असलं पाहिजे, नाहीतर 'आज काय करू' ठरवण्यातच तुकडा संपतो.

सकाळी घर उठण्याआधीची पंचवीस-तीस मिनिटं, डोकं ताजं असताना, वहीसाठी. काल चुकलेलं आज उकलायचं. नवीन प्रश्न सकाळी घ्यायचे नाहीत. लोकलमध्ये जाताना गर्दी असणार, लिहिता येणार नाही, तर कानाचं काम करा. येताना लोणावळा लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचन, नाही मिळालं तर परत कान. रात्री मुलगा झोपल्यावर वीस मिनिटं: एखादा भाग सोडवायचा, फक्त सोडवायचा, तपासायचा सकाळी. दमलेल्या डोक्याने तपासलं की 'हो, हो, कळलं' म्हणून पान उलटलं जातं. जेवणाच्या सुट्टीत काही करू नका, माणसांत बसा. रविवारी सकाळी दीड तास लेखनाला, आणि तो वेळ नवऱ्याने किंवा सासूबाईंनी मुलाकडे बघायचा, हे आधीच बोलून ठेवा. 'वेळ मिळाला तर बसेन' या बोलीवर रविवार कधीच मिळत नाही. सणाच्या आठवड्यांत, गौरी-गणपतीत वगैरे, अभ्यास होणार नाही हे गृहीत धरून वेळापत्रक आखा. मग चुकल्यासारखं वाटत नाही.

कानाचं काम म्हणजे कानात काहीतरी लावून बसणं नव्हे. पॉडकास्ट ऐकत तळेगाव ते शिवाजीनगर केलं की मनाला बरं वाटतं, हाती फार लागत नाही. बीबीसीच्या एखाद्या मुलाखतीचा एकच मिनिटाचा तुकडा घ्या. लोकलमध्ये तो पाच-सहा वेळा ऐका. घरी आल्यावर तोच ऐकत, मध्ये थांबवत, शब्दन् शब्द लिहून काढा. शाळेत श्रुतलेखन करायचो तसंच. मग लिखित मजकुराशी ताडून बघा. तो जिथे मिळतो अशाच मुलाखती निवडा. काय सुटलं? अवघड शब्द क्वचितच सुटतात. सुटतात ते 'हॅव', 'ऑफ', 'टू', 'देम'. 'शी मस्ट हॅव बीन अवे' हे कानावर 'शी मस्टव् बिनवे' असं येतं, आणि तुम्ही लिहिता 'शी मस्ट बी अवे'. अर्थ बदलला, काळ बदलला, आणि पर्याय चुकला. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो, प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण उच्चारायला शिकलो, म्हणून हे बारके शब्द ऐकूच येत नाहीत. आठवड्यातून तीन वेळा असं एक-एक मिनिट केलंत तरी दीड-दोन महिन्यांत फरक कळतो. उच्चार वेगवेगळ्या ठिकाणचे घ्या. परीक्षेत फक्त लंडनचे लोक बोलत नाहीत.

श्रवणाच्या पेपरमध्ये सगळं दोनदा ऐकवतात, हा आयईएलटीएसपेक्षा मोठा दिलासा आहे. चौथ्या भागात मात्र पाच जण बोलतात आणि एकाच वेळी दोन प्रश्नसंच सोडवायचे असतात. पहिल्यांदा एक संच आणि दुसऱ्यांदा दुसरा, असं बरेच जण करतात. तुम्ही दोन्ही पद्धती करून बघा आणि जी जमेल ती ठेवा, यात एक बरोबर पद्धत नाही.

लेखनात ऑफिसचं इंग्रजी तुमच्या आड येतंय, अशी मला दाट शंका आहे. दिवसभर 'ॲज पर अवर टेलिफोनिक डिस्कशन', 'काइंडली डू द नीडफुल', 'प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट' असं लिहिणाऱ्या माणसाचा हात बसलेला असतो, त्यामुळे आपण चांगलं लिहितो असं वाटत राहतं. आपल्याकडच्या ऑफिसांत ते चालतं, चालावंच. पण परीक्षक बघतो की वाचणारा कोण आहे त्याप्रमाणे तुमची भाषा बदलते का. पहिला प्रश्न सक्तीचा निबंध. दुसऱ्यात पत्र किंवा ईमेल, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण यांतले तीन पर्याय येतात आणि त्यातला एक लिहायचा. दोन्ही २२० ते २६० शब्दांचे, एकूण ९० मिनिटं. मजकूर, वाचकाला साजेसा सूर, मांडणी आणि भाषा अशा चार बाजूंना प्रत्येकी ५ पर्यंत मार्क असतात. म्हणजे व्याकरणाच्या चुका एका चौकटीत मोजल्या जातात, आणि मैत्रिणीला लिहिलेलं पत्र कंपनीच्या नोटिशीसारखं वाचलं गेलं तर दुसऱ्या चौकटीतले मार्क जातात.

निबंधाबद्दल एक कळकळीची विनंती. 'इन टुडेज फास्ट मूव्हिंग वर्ल्ड' ही सुरुवात कायमची सोडा. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' या शालेय निबंधाचंच ते इंग्रजी भावंड आहे, आणि परीक्षकाने ते इतक्यांदा वाचलेलं असतं की पुढे काही बरं लिहिलं असलं तरी त्याच्याकडे तो मरगळूनच येतो. पाठ केलेल्या चौकटी घेऊन गेलात तर दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी दोन निवडून कोणता जास्त महत्त्वाचा हे ठरवायचं राहून जातं, आणि प्रश्न नेमका तोच असतो. पहिल्याच वाक्यात विषयावर या.

तपासणार कोण, हा एकट्याने अभ्यास करणाऱ्याचा खरा प्रश्न. रविवारी लिहा आणि बुधवारपर्यंत तोंड बघू नका. बुधवारी चार वेळा वाचा, प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधत: एकदा फक्त आर्टिकल, एकदा फक्त क्रियापदांचे काळ, एकदा 'ऑन', 'इन', 'विथ' वगैरे, आणि शेवटी ज्याला लिहिलंय तो माणूस होऊन. सगळं एकदम शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. केंब्रिजचं 'राइट अँड इम्प्रूव्ह' हे फुकट साधन आहे, ते चुकीच्या जागा दाखवतं आणि पातळीचा अंदाज देतं. एआय चॅटबॉटही वापरा, पण त्याला 'सुधारून दे' म्हणू नका. तो गुळगुळीत, कोणाचाच नसलेला निबंध हातात ठेवतो आणि तुम्ही तो वाचून खूश होता. 'चुका असलेल्या ओळींखाली रेघ मार, दुरुस्ती देऊ नकोस' असं सांगा. दुरुस्ती तुम्ही करायची. महिन्यातून एकदा मात्र एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, थोडे पैसे पडले तरी. 'माझा मुद्दाच वाचकापर्यंत पोचत नाहीये' हे माणूस ज्या स्पष्टपणे सांगतो तसं यंत्र सांगत नाही.

शब्दांबद्दल फार लिहीत नाही. जड शब्दांच्या याद्या पाठ करू नका. सी१ला लागतं ते साध्या शब्दांचं एकमेकांशी बसणं: 'रेझ' कशाला जोडतात, 'हेवी' कशाला आणि 'स्ट्राँग' कशाला. पाऊस हेवी, कॉफी स्ट्राँग, ट्रॅफिक पुन्हा हेवी. शब्द लिहिताना सुटा लिहू नका, जोडीनेच लिहा.

राहिलं बोलणं, आणि तुम्ही प्रश्नात ओझरतं म्हणालात ते मला महत्त्वाचं वाटतं: घरात मोठ्याने इंग्रजी बोलायला लाज वाटते, सासूबाई ऐकतात. ही लाज जवळपास सगळ्यांना असते, आणि तिच्यापायी सहा महिने मनातल्या मनात बोलून परीक्षेला जाणारे मी पाहिलेत. मनातलं इंग्रजी नेहमीच अस्खलित असतं. स्टेशनवरून घरी चालत जाताना कानाला फोन लावा आणि बोला, बघणाऱ्याला वाटतं कॉल चालू आहे. किंवा सासूबाईंना सरळ सांगा की वीस मिनिटं मी भिंतीशी बोलणार आहे. बहुतेक सासवा दोन दिवस हसतात आणि तिसऱ्या दिवशी नातवाला 'आई अभ्यास करतेय' म्हणून बाहेर नेतात.

परीक्षेत दोन उमेदवार आणि दोन परीक्षक असतात. एक परीक्षक बोलतो, दुसरा नुसता ऐकून मार्क देतो. सगळं पंधरा मिनिटांत आटोपतं. दुसऱ्या भागात तीन फोटो देतात, त्यातले दोन निवडून एक मिनिट बोलायचं. इथे आपले लोक फोटोचं वर्णन करतात: एक बाई आहे, तिने निळी साडी नेसलीय, मागे झाड आहे. ते कोणी विचारलेलं नसतं. दोघांत फरक काय, आणि ही माणसं असं का करत असावीत, त्यांना काय वाटत असावं, हे विचारलेलं असतं. रोजच्या पेपरातले कुठलेही दोन फोटो घ्या, मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका आणि त्याच फोटोंवर लगेच दुसऱ्यांदा बोला. दुसरं मिनिट नेहमीच पहिल्यापेक्षा बरं असतं, आणि सुधारणा होते ती त्या दुसऱ्या मिनिटात.

तिसऱ्या भागाला मात्र जोडीदार लागतोच. दोन मिनिटं एकमेकांशी चर्चा, मग एक मिनिटात निर्णयाकडे यायचं. आपल्याकडे एक तर समोरच्याला बोलूच देत नाहीत, किंवा 'यस, आय ॲग्री विथ यू' म्हणून गप्प बसतात. मार्क आहेत ते समोरच्याचं वाक्य उचलून पुढे नेण्याला. याच परीक्षेला बसणारं कोणीही शोधा, लातूरचं असो की लिस्बनचं, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास व्हिडिओ कॉल करा. मराठी येत नसलेला जोडीदार मिळाला तर जास्त चांगलं. अडलं की मराठीत सटकायची सोय राहत नाही.

उच्चारांची भीती बाळगू नका. मराठी वळण आहे म्हणून मार्क जात नाहीत, कळायला त्रास झाला की जातात. आणि तो त्रास बहुधा 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' एकसारखे म्हणण्यापेक्षा आघात चुकल्याने होतो. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. वहीत नवा शब्द लिहिताना जोराच्या अक्षरावर टिंब द्यायची सवय लावा.

नोंदणी लगेच करू नका. आधी दोन महिने वहीचं काम करा, मग एक पूर्ण पेपर, चारही विभाग, घड्याळ लावून एकाच दिवसात द्या. नोंदणी करताना परीक्षा कागदावर आहे की संगणकावर हे बघा आणि शेवटचे सराव तसेच करा. संगणकावर असेल तर २५० शब्द टंकायला किती वेळ लागतो ते मोजून ठेवा. संभाषणाची परीक्षा पुष्कळदा वेगळ्या दिवशी असते, म्हणजे ऑफिसातून दोन रजा लागू शकतात.

पास व्हायला केंब्रिजच्या गुणपट्टीवर त्या पाच गुणांची सरासरी १८० हवी. प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एक ढासळला तरी दुसरा सावरतो. १८० ते १९२ म्हणजे सी ग्रेड, १९३ पासून बी आणि २०० पासून ए. विद्यापीठ कोणती ग्रेड मागतंय ते नीट बघून घ्या, नुसतं 'सी१ हवं' म्हणणारी आणि १८०पेक्षा वरचा आकडा सांगणारी, अशी दोन्ही प्रकारची असतात. १६० ते १७९ मध्ये राहिलात तर बी२चं प्रमाणपत्र मिळतं, पण तुमच्या अर्जाला ते चालणार नाही. परत द्यायची तर सगळेच विभाग परत द्यावे लागतात, एकच विषय काढून घेता येत नाही. म्हणून तारीख निवडताना अर्जाच्या शेवटच्या दिवसापासून उलट मोजत या. निकालाचे आठवडे धरा, त्याआधी आणखी एक प्रयत्न बसेल एवढी जागा ठेवा, आणि पहिली परीक्षा त्याच्याही आधीची घ्या.